कामाचे पायताण : पारख आणि निगा

गेल्या नाताळात आमचा भाचा हुबळीहून घरी आला, तो पायांत अमेरिकन गुराख्यांचे बूट घालून. पोटरी झाकणारी उंच नळी, तीवर रंगीत दोऱ्याची वेलबुट्टी, पुढे टोकदार चवडा आणि मागे दोन बोटे उंच, आत कललेली टाच. मिस्सा आटोपून मंडळी चर्चबाहेर उभी राहिली, तेव्हा सर्वांच्या नजरा त्याच्या पायांवरच खिळल्या होत्या. शहरातील नोकरी सोडून खानापूर तालुक्यातील घरची जमीन व चार म्हशी सांभाळावयाच्या, असे त्याने ठरविले होते. आणि ते काम याच बुटांवर करावयाचे, असाही त्याचा बेत होता.

"मामा, हे सिनेमातल्या नटांचे बूट नव्हेत," तो आम्हांस म्हणाला. "गुरे राखणाऱ्या कष्टकऱ्यांचे बूट आहेत. मग आपल्या गोठ्यात का चालू नयेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते घालून गोठ्यात शिरला आणि तासाभराने लंगडत बाहेर आला. ओल्या फरशीवर गुळगुळीत तळ सरकला आणि उंच टाचेवर पाय मुरगळला. आमच्या बहिणीने त्याच्या घोट्यावर लेप चढविता चढविता त्याची चांगलीच हजेरी घेतली. आम्हांस मात्र त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. चांगले, टिकाऊ, कष्टकऱ्यांसाठीच घडविलेले बूट कामाच्या पहिल्याच दिवशी का फसावेत? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही दोघे अथणीपर्यंत जाऊन आलो. तो सर्व वृत्तान्त आमच्या कुटुंबवाचकांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

प्रथम त्या बुटांविषयी. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, त्या वेळी टेक्सास प्रांतात गुरांची संख्या अफाट वाढली होती आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला चांगला भाव होता. तेव्हा १८६७ पासून कॅन्सस प्रांतातील ॲबिलिन या रेल्वेच्या ठाण्यापर्यंत गुरांचे कळप शेकडो मैल हाकीत नेण्याचा धंदा सुरू झाला. हाकणारे गडी महिनोन् महिने घोड्यावर असत. त्यांच्या गरजेतून, मेक्सिकन गुराख्यांच्या व घोडदळाच्या पादत्राणांवरून, हा बूट घडत गेला. कॅन्ससमधील ओलेथी येथे चार्ल्स हायर आणि टेक्सासमधील स्पॅनिश फोर्ट येथे १८७९ पासून एच. जे. जस्टिन हे कारागीर अशा बुटांसाठी नावाजले.

त्या बुटाचा प्रत्येक अवयव घोड्याकडे पाहून योजिलेला आहे. टोकदार चवडा अशासाठी की, न पाहता पाय रिकिबीत शिरावा. उंच टाच अशासाठी की, पाय रिकिबीतून पलीकडे निसटू नये. उंच नळीमुळे काटेरी झुडपांतून घोडा दौडताना पोटरी सोलवटत नाही. बुटाला बंद नाहीत आणि तळ गुळगुळीत आहे, तो अशासाठी की, स्वार खाली पडला आणि पाय रिकिबीत अडकला तर बुटातून पाय सुटावा. नाही तर उधळलेला घोडा माणसास फरफटत नेई. म्हणजे ज्या गुळगुळीत तळाने आमच्या भाच्यास पाडले, तोच तळ मूळच्या घोडेस्वाराचा जीव वाचविण्यासाठी होता! पुढे अमेरिकेतही घोड्यावरून उतरून पायी काम करणाऱ्यांनी बुटक्या टाचेचा व गोल चवड्याचा निराळा प्रकार पसंत केला. आजही तिकडे रोजच्या कामासाठी बूट घेणारा शहाणा माणूस बुटकी टाच पाहतो, तळ नुसता चिकटविलेला आहे की शिवलेला आहे हे पाहतो, आणि घालून पाहताना पायाच्या कमानीवर बूट घट्ट बसतो की नाही ते पाहतो. नव्या बुटात टाच किंचित वर सरकली तरी चालते, कारण तळ वाकू लागला म्हणजे ती बसते; चवडा मात्र कोठेही दाबला जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात राहिली. तेथील जुन्या पद्धतीचे कारागीर तळाच्या मधल्या भागात लोखंडी खिळे न ठोकता लाकडी खुंट्या ठोकतात. ओलाव्याने चामडे फुगते तशी लाकडी खुंटीही फुगते, सुकताना दोन्ही आकसतात, म्हणून सांधा ढिला होत नाही. अथणीच्या कारागिराने आपले पायताण आमच्या हाती दिले, तेव्हा त्यातही एक खिळा नव्हता. सारा सांधा चामड्याच्या वादीचा. सात समुद्रांपलीकडच्या दोन माणसांनी एकमेकांस न पाहता एकच युक्ती काढावी, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

आता आपल्याकडील गोष्ट. घोडेस्वाराचा बूट तसे चालणाऱ्याचे पायताण. मेंढरांमागे दिवसभर मैलोन् मैल चालणारा धनगर पाहा. त्याच्या पायांत जाड तळाचे, जड, रुंद टाचेचे पायताण असते. लोक ज्याला कोल्हापुरी चप्पल म्हणतात तिचेच ते दणकट भावंड. नाव कोल्हापूरचे असले तरी ही कला एकट्या कोल्हापूरची नाही. २०१९ साली या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर असे आठ जिल्हे आहेत. सीमेच्या वादात जे जमले नाही, ते एका पायताणाने जमविले, असे आमच्या भाच्याचे म्हणणे. आमच्या जिल्ह्यात अथणी व निपाणीकडे पिढ्यान् पिढ्या हे काम चालते. कातडे कमावणारे निराळे, पायताण बांधणारे निराळे. आणि पायताण बांधण्यातही तळाचे काम बहुधा पुरुषांचे, तर वेणी गुंफणे व वरचे नाजूक काम बहुधा स्त्रियांचे. अशी एका जोडावर चार घरांची चूल पेटते.

चांगल्या पायताणाचा जीव त्याच्या कातड्यात असतो. तळासाठी म्हशीचे जाड कातडे घेतात व वेणीसाठी शेळीचे मऊ कातडे घेतात. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढल्यावर कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवितात. जुन्या रीतीत कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात हे पाणी भरून टांगून ठेवीत. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. घाई केली तर कातडे वरून कमावलेले दिसते पण आत कच्चे राहते. आम्हांस यात एक गंमत वाटली. ज्या बाभळीचा काटा पायात शिरू नये म्हणून पायताण घालावयाचे, त्याच बाभळीच्या सालीने ते पक्के झालेले असते!

याउलट शहरांतील बहुतेक बूट-चपलांचे चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते लवकर तयार होते, मऊ असते व पाण्याला जरा अधिक टिकते, म्हणून त्यास सरसकट वाईट म्हणता येणार नाही. परंतु सालीने कमावलेला जाड तळ घाम शोषतो आणि महिनाभरात घालणाऱ्याच्या पायाचा ठसा घेतो. टाचेची खळगी, अंगठ्याची बैठक सारी त्यात उमटते. हा गुण रबराच्या तळात नाही.

पारख कशी करावी, हे आम्ही पैसे घालवून शिकलो. काही वर्षांमागे एका जत्रेतील दुकानातून आम्ही एक जोड घेतला होता. रंग झकास, वेणी सुबक, किंमत तर विचारूच नका इतकी थोडी. घरी येताना वळवाची एक सर लागली आणि तळाची पाने वहीसारखी उलगडली. आत चक्क पुठ्ठा निघाला. अथणीच्या वृद्ध कारागिरास ही हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. "साहेब, लोक त्याला आमचीच चप्पल म्हणतात," एवढेच बोलले.

त्यांनी आम्हांस जे दाखविले ते असे. तळाची कापलेली कड उजेडात धरावी. सालीने कमावलेले चामडे आतून-बाहेरून सारखेच तपकिरी असते, क्रोमचे मध्ये निळसर-राखी दिसते, आणि पुठ्ठा असला तर त्याचे थर ओळखू येतात. कडेवर दाट रंग फासलेला असेल तर तो का फासला आहे, हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. तळाच्या आतील बाजूस बोटाने पाण्याचा एक थेंब लावावा. खरे चामडे तो पिते व तेथे काळसर डाग पडतो, पण सुकल्यावर तो बराचसा पुसट होतो. रेक्झिनवरून थेंब ओघळून जातो. मग जोड उलटा करून शिवण पाहावी. वादी सलग व एकसारखी ओढलेली असावी. चवडा हाताने वाकवावा. वाकताना चामड्यावर बारीक सुरकुत्या पडाव्यात, पापुद्रा तडकू नये. गोंडे, जर आणि करकर आवाज ही लग्नासमारंभाची हौस आहे. कामाच्या जोडात तळाचे थर, टाचेची रुंदी आणि दोन्ही बाजूंच्या कानांची मजबुती पाहावी, कारण सारा ताण त्या कानांवर येतो आणि पायताण बहुधा तेथेच तुटते.

मापाची गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. भाचा लगेच पाय पुढे करून म्हणाला, "काका, माप घ्या." ते म्हणाले, "बस बाळा, चहा घे, गाव फिरून ये. सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून पाय फुगला की मग संध्याकाळी माप घेऊ." संध्याकाळी त्यांनी त्यास कागदावर उभे केले, बसविले नाही, कारण अंगाचा भार पडल्यावरच पाय खरा पसरतो. दोन्ही पायांची आखणी केली. उजवा पाय डाव्याहून थोडा मोठा निघाला! मोठ्या पायाच्या मापाने तळ धरला. टाच तळाच्या मागे लोंबकळू नये, पण फार जागाही उरू नये. अंगठ्याची कडी सैल असावी, पट्टा मात्र पहिल्या दिवशी जरा आवळच हवा, कारण चामडे पुढे ताणते. आम्ही सांगितल्यावरून त्यांनी मागून टाचेला धरणारा बंदही लावून दिला; ढेकळांतून चालताना पायताण मागे राहू नये म्हणून तो हवाच. त्यांच्या पत्नीने पट्ट्याची वेणी आमच्यासमोरच गुंफली. भाचा पाहत राहिला. "मावशी, यंत्राने होत नाही का हे?" त्याने विचारले. "होतं की," त्या म्हणाल्या, "पण तुटल्यावर यंत्राकडे घेऊन जाशील का?"

नवे पायताण चावते, ही तक्रार जुनीच आहे आणि खरीही आहे. त्यावर उपाय धीराचा आहे. पहिले आठ दिवस घरात व अंगणात तास-दोन तासच घालावे. पट्ट्याच्या आतल्या बाजूस व कडीला खोबरेल किंवा एरंडेल तेलाचे चार थेंब फडक्याने चोळावेत. तेलात बुडविण्याचा मोह मात्र टाळावा, नाही तर चामडे लिबलिबीत होऊन ताणते. काही लोक नवा जोड पाण्यात भिजवून पायात घालतात; आम्हांस हा मार्ग पसंत नाही. पुढे महिन्यातून एकदा धूळ झटकून, ओलसर फडक्याने पुसून, थोडे तेल द्यावे. भिजलेच तर जुना कागद कोंबून सावलीत सुकवावे. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेले चामडे लाकडासारखे कडक होऊन तडकते आणि मग कोणाच्याही तेलाने ते सुधारत नाही. टाच झिजू लागताच तळाला टायरचा तुकडा लावून घ्यावा. यात कमीपणा मानू नये. त्याने आयुष्य वाढते आणि गुळगुळीत दगडावर घसरणेही कमी होते.

एवढी स्तुती केल्यावर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, हे पायताण सर्व कामांस चालत नाही. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेस अथणीकडे कोरडी जमीन, पाऊस थोडा. तेथे वर्षातील बहुतेक दिवस ते घालता येते. पश्चिमेस खानापूरकडे सह्याद्रीचा पाऊस आणि भाताचे चिखल. तेथे जूनपासून चार महिने त्याला खुंटीच बरी. गोठ्यातही ते नेऊ नये. शेण व मूत्र यांनी चामडे कुजते व शिवण सडते. तेथे साधा रबरी गमबूटच हवा.

आणि गमबुटाविषयी आमचे शेतकरी बंधू जी बेपर्वाई दाखवितात, तीविषयी आम्हांस कळकळीने लिहावेसे वाटते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते, आणि दंश बहुतकरून पायांवर झालेले. घोणस व फुरसे गवतात, पालापाचोळ्यात दडून बसतात. अनवाणी पाय त्यांच्यावर पडतो. पोटरीपर्यंतचा गमबूट हा धोका पुष्कळच कमी करतो. शिवाय अनवाणी पायाच्या कातडीतून अंकुशकृमी शरीरात शिरतात, आणि चिखलातील जंतू भेगांतून शिरून लेप्टोस्पायरोसिससारखा ताप आणतात, तो वेगळाच. गमबूट गरम होतो, जड होतो, चिखलात रुतून बसतो, हे सारे आम्हांस ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणजे आत सुती मोजे घालावेत, काम संपताच बूट काढून उलटे करून वाळवावेत, आणि घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी झटकावेत. विंचू आत बसला असण्याचा संभव असतो. रोपलावणीच्या खोल चिखलात तो घालणे जमत नाही हे खरे. पण बांधावरून जाताना, गवत कापताना, रात्री पाणी सोडावयास निघताना तो न घालण्यास कोणतीच सबब नाही.

आमच्या बहिणीसही मुलाचे पायताण पाहून तसाच जोड हवासा वाटला. तिला मधुमेह आहे. तळपायांची जाणीव मंदावली आहे, असे डॉक्टरांनी तिला मागेच सांगितलेले. आम्ही तिला साफ नकार दिला. ती दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही. परंतु ज्या पायाला दुखणे कळत नाही, त्याला अंगठ्याची कडी घासली तरी कळत नाही, आणि लहानशा घासलेल्या जागेची मोठी जखम होते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हेच पाहिले होते: बधिर पाय सडत जातो तो बहुधा न कळलेल्या जखमांनी व दाबाने. म्हणून तेथे मऊ सच्छिद्र रबराच्या तळव्यांची पादत्राणे वापरात आली, आणि पुढे मधुमेहींसाठीही तोच विचार मान्य झाला. अशा व्यक्तीने कडी नसलेली, पट्टे सैल-आवळ करता येतील अशी, मऊ तळव्याची व मागून बंद असलेली चप्पल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी आणि रोज रात्री तळपाय दिव्याजवळ धरून पाहावेत. बहिणीसाठी आम्ही तशीच चप्पल आणली. तिला ती दिसावयास आवडलेली नाही. पण ती घालते.

सध्या या पायताणाचे नाव परदेशातही गाजत आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात हुबेहूब तशाच चपला मांडल्या, पण त्या कोठल्या हे सांगितले नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. हे बरेच झाले. आमच्या वृद्ध कारागिरास याविषयी विचारले, तेव्हा त्यांची चिंता निराळीच होती. मुलगा कारखान्यात नोकरीस लागला आहे, नातू या कामास हात लावीत नाही, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी प्लॅस्टिकच्या चपला धरल्या आहेत. परदेशी गिऱ्हाईक वर्षातून एकदा येईल. रोज पायताण झिजविणारा आणि ते दुरुस्तीस परत आणणारा गावचा माणूस मात्र कमी होत चालला आहे. वर्षातून दोन वेळा प्लॅस्टिकचा जोड फेकणाऱ्याने आपला हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

आता आमच्या भाच्याचे सांगावयाचे, तर ते अमेरिकन बूट त्याने टाकून दिले नाहीत. मोटारसायकलवरून बेळगावास जाताना तो ते घालतो आणि तेथे ते शोभतातही. माघ ते वैशाख त्याने अथणीचे पायताण वापरले. मृग लागला तसे आमच्या बहिणीने ते पुसून, तेल लावून, माजघराच्या खुंटीवर फडक्यात बांधून ठेवले, आणि भाचा गमबूट घालून बांधावर फिरू लागला. डाव्या पायताणाच्या कानाजवळ वादीचे दोन टाके सैल झाले आहेत. दसऱ्यानंतर ते घेऊन त्याला अथणीस जावयाचे आहे. संध्याकाळपर्यंत थांबावे लागेल, हे आता त्यास माहीत आहे.